एकोणीस दारांवरचं नवें

गुरुवारी सकाळी गोकुळदास गावकर चूळ भरायला बाहेर आले आणि स्वतःच्याच दाराकडे बघून त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. चौकटीच्या खिळ्याला भाताचं एक कणस टांगलं होतं. आंब्याच्या पानात नीट गुंडाळलेलं, वर केसांच्या लाल रिबिनीची गाठ मारलेलं.

परक्या माणसाला वाटेल, यात एवढं रागावण्यासारखं काय? पण शेळपाण गावात नवें, म्हणजे नव्या भाताचं पहिलं कणस, कधी यायचं आणि कुणाच्या हातून यायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. गणपतीची चवथ आटोपली की दुसऱ्या रविवारी गावकरांच्या घरातला कर्ता पुरुष देवाच्या कुणग्यात उतरतो. कुणगा म्हणजे देवळाच्या नावाने राखलेला भातशेताचा तुकडा. तिथली पहिली कणसं कापून तो ढोल वाजवत देवळात आणतो. भटजी सगळ्या गावासमोर त्याला विचारतात, कुठल्या शेताचं? तो सांगतो, देवाच्या कुणग्याचं. मग घरटी एकेक कणस तो आपल्या हाताने वाटतो आणि लोक ते घरी नेऊन दारावर बांधतात. त्याआधी गावात कुणी भाताला कोयती लावत नाही. गोकुळदासांकडे दोन ट्रक होते, डिचोलीच्या बाजारात एक गाळा होता, शाळेच्या पालक-शिक्षक संघाचं अध्यक्षपदही होतं. पण हे सगळं गेलं असतं तरी ते जगले असते. हा मान गेला असता तर मात्र चार माणसांत उभं कसं राहावं, हे त्यांना कळलं नसतं.

"कोणें बांदलें हें?" ते इतक्या जोराने ओरडले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

दुसरीत शिकणारी नात, संजना, दात घासता घासता बाहेर आली. एक वेणी घातलेली, दुसरी सुटी. तिला वाटलं आजोला आवडलं.

"हांवें, आजो. बाईन दिलां. शाळेतल्या शेतातलें. आमीच पेरिल्लें, आमीच कापलें!"

"आनी दारार बांदूंक कोणें सांगलें?"

"कोणेंच ना. तूंच मरे दर वर्सा बांदता?"

गोकुळदासांनी कणस ओरबाडून काढलं. खिळाही सोबत आला. संजना रडली नाही, तिने नुसतं आजीकडे बघितलं. प्रभावती, गोकुळदासांची बायको, हातात चहाचा कप घेऊन दारात उभी होती. तिने कप खाली ठेवला, नातीला आत नेलं आणि तिची दुसरी वेणी घालायला बसली. या घरात ती फार बोलत नसे, आणि तिच्या न बोलण्याची गोकुळदासांना इतकी सवय झाली होती की तिला काही बोलायचं असेल हेच ते विसरले होते.

गोकुळदास निघाले ते तरातरा शाळेच्या वाटेने. आणि वाटेवर त्यांना दिसलं की आग एका घराला नाही, सगळ्या गावाला लागली आहे. बाबुरावांच्या दारावर कणस. शिवदास ड्रायव्हरच्या दारावर कणस. शिंप्याच्या घरी, पोस्टमनच्या घरी, खाणीवर कामाला आलेल्या सावंतवाडीकडच्या बिऱ्हाडाच्या पत्र्याच्या दारावरसुद्धा. शाळेत पहिली-दुसरीची तेवीस मुलं, त्यांची एकोणीस घरं, आणि एकोणीसही दारांवर नवें बांधून झालेलं. मुलांनी जन्मापासून जे बघितलं तेच केलं होतं. नवीन कणस घरात आलं की ते दारावर जातं, एवढंच त्यांना माहीत. आधी देव आणि मग आपण, हे कुणी त्यांना वेगळं सांगितलंच नव्हतं, कारण आजवर ते सांगायची वेळ आली नव्हती.

बाबुराव गावातले सगळ्यात वयस्क. ते ओट्यावर बसून पाव चहात बुडवत होते.

"बाबुराव, तुमी तरी नातीक आडवूंक जाय आसली!"

"नातीन बांदलां, गोकुळदासा," बाबुराव म्हणाले. "इतकेंशें चेडूं. तिचें मन मोडूं?"

गोकुळदासांना मन मोडण्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना वेगळीच काळजी होती. देवाचा कुणगा तीन वर्षांपूर्वीच मेला होता. वरच्या डोंगरावर खाणीने टाकाऊ मातीचा ढीग रचला, पावसात तो ढीग घसरला आणि कुणग्यावर गुडघाभर तांबडा चिखल बसला. ढिगाला परवानगी देणाऱ्या कागदावर देवस्थानाच्या वतीने सही होती गोकुळदासांचीच, आणि त्याच पावसाळ्यानंतर त्यांचे दोन ट्रक खाणीवर लागले. "एक कोपरो वाटावला," एक कोपरा वाचला, असं ते गावात सांगत. ज्यांची मुलं त्या ट्रकांवर होती ते मान डोलवत, आणि बाकीचे तोंडात मूग धरून बसत. खरी गोष्ट अशी की गेली तीन वर्षं कणसं यायची पेडण्यातल्या इब्रामपूरहून, प्रभावतीच्या माहेरच्या शेतातून. नव्याच्या आधी ती दोन दिवस माहेरी जायची, भावाकडून कणसं घ्यायची आणि कापडी पिशवीत लुगड्यांखाली झाकून बसने आणायची. यंदाची पिशवी कालच आली होती आणि माळ्यावर ठेवली होती.

शाळेमागे, विहिरीच्या अंगाला सत्यवती बाईंची बाग. भेंडी, दोडकी, तांबडी भाजी, आणि एका कडेला खाटेएवढा भाताचा वाफा, आता नुसती खुंटं उरलेला. शाळेवरून खाणीचे ट्रक जात आणि पानांवर लाल धुळीचा थर बसे. म्हणून बाईंनी रिवाज घातला होता की प्रार्थनेआधी मुलांनी ओल्या फडक्याने पानं पुसायची. गोकुळदास पोचले तेव्हा तेच चाललं होतं. पदर खोचलेल्या बाई मुलांबरोबर उकिडव्या बसून दोडक्याची पानं पुसत होत्या. पणजीच्या बाजूच्या ह्या बाई. तीन वर्षं रोज दोन बस बदलून येत, आणि तीनही वर्षं त्यांचं नि गोकुळदासांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. ट्रकवर ताडपत्री घाला म्हणून त्यांनी दोनदा लेखी कळवलं होतं. त्यावर एका सकाळी बागेच्या कुंपणावर आख्खा ट्रक रिकामा झाला होता, चुकून म्हणे. बाईंनी मुलांना घेऊन तो ढीग चार दिवस उपसला आणि पाचव्या दिवशी त्याच जागी मिरच्या लावल्या.

"बाई, हो कसलो पोरखेळ?" गोकुळदासांनी हातातलं चुरगळलेलं कणस पुढे केलं.

बाईंनी हात पुसले. "तो पोरांचाच आहे. जूनमध्ये पेरलं, जुलैत लावलं, काल कापलं. घरी दाखवायला एकेक कणस दिलं. तुमच्या नातीने लावलेली रोपांची ओळ तर सगळ्यात सरळ होती."

"नव्याआधी गावांत कोण कोयती लावता? तुमकां कोणाक विचारूंक जायना?"

बाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. चूक त्यांची होती आणि ती त्यांना त्याच क्षणी कळली. "माझ्या माहेरी शेती नाही, गावकर. मला हे माहीत नव्हतं. विचारायला हवं होतं. देवाची मी माफी मागते."

इथे हे भांडण मिटायला हरकत नव्हती. पण गोकुळदासांना नुसती माफी नको होती, त्यांना गाव पुन्हा आपल्या मुठीत हवा होता.

"देवाची न्हय. आयतारा देवळांत येवन सगळ्यांमुखार मागात. आनी आज मुलांकडल्यान सगळीं कणसां परत घेवन माका आणून दियात."

"मुलांना दिलेलं मी परत मागणार नाही."

"कित्याक?"

"कारण ते त्यांचं आहे. त्यांनी चिखलात हात घालून पिकवलंय."

तेवीस मुलं हातातली फडकी तशीच धरून बघत होती. गोकुळदासांचं लक्ष वर्गाच्या खिडकीकडे गेलं. खिडकीच्या फळीवर दुधाच्या पावडरीचे तीन डबे ओळीने ठेवले होते. पहिल्यात भाताची हिरवीगार रोपं, वीतभर उंच. दुसऱ्यात तशीच, जरा लहान. तिसऱ्यात तांबडी माती, वर भेगा पडलेली, आणि बाकी काही नाही. प्रत्येक डब्यावर वहीचा कागद चिकटवला होता. शाळेची माती. व्हाळाची, म्हणजे ओढ्याची, माती. तिसऱ्यावर मुलाच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं, देवाचा कुणगा.

गोकुळदासांनी ते दोनदा वाचलं.

"ही माती खंयच्यान हाडली?"

"मातीचा धडा होता," बाई म्हणाल्या. "खाणीच्या फाटकातून आम्हाला कोण सोडणार? व्हाळाच्या कडेकडेने गेलो. मुलांना मी सांगितलं नव्हतं तिथे काय आहे. बघा आणि सांगा, एवढंच म्हटलं. मुलांनी बघितलं. प्रत्येक डब्यात दहा दहा बी टाकलं, पाणी सारखं घातलं. तिसऱ्यात एकही उगवलं नाही. मुलांनी फळ्यावर तसं लिहिलं. मी ते पुसायला हवं होतं का?"

म्हणजे एक कोपराही वाचलेला नाही, हे आता तेवीस मुलांना माहीत होतं, आणि ती काही त्यांच्या ट्रकवर कामाला नव्हती. गोकुळदास पुढे झाले आणि हाताच्या एका फटक्यात त्यांनी तीनही डबे फळीवरून खाली उडवले. हिरवी रोपं मुळांसकट पायरीवर पडली. पहिलीतलं एक पोर भोकाड पसरून रडायला लागलं.

बाई शाळेत मराठीशिवाय बोलत नसत. आता मात्र त्यांचा आवाज चढला आणि भाषाही बदलली. "भायर वचात! आत्ताच्या आत्ता! हें तुमचें खळें न्हय, ही शाळा!"

आजवर शेळपाणात गोकुळदास गावकरांना कुणी बाहेर जा म्हटलं नव्हतं. ते गेले, पण जाताना सांगून गेले, की ह्या बाईला ह्या शाळेत दिवाळीचा फराळ खाऊ देणार नाही.

तसा अर्ज त्याच दुपारी झाला. गोव्याला राज्याचा दर्जा मिळून चार वर्षं झाली होती. कोकणी की मराठी यावरून गावात चहाच्या दुकानातसुद्धा दोन बाकं पडली होती. पण कुणाची तक्रार करायची तर ती मराठीतच वजनदार होते, यावर दोन्ही बाकांचं एकमत होतं. गोकुळदासांनी पानभर लिहिलं. बाई मुलांना अभ्यासाऐवजी खोदकाम करायला लावतात. व्हाळात नेऊन जीव धोक्यात घालतात. गावाच्या देवाचा अपमान करतात. लिहून झाल्यावर त्यांनी ते वाचलं आणि त्यांच्या ध्यानात आलं की शेवटचं कलम लंगडं आहे. कचेऱ्यांचे उंबरे त्यांनी पुष्कळ झिजवले होते. बाईंनी कणस फक्त दिलं, यात अपमान कुठे, असं कारकुनाने विचारलं तर? बाईंनी ते दारावर बांधायला लावलं असेल, तर मात्र गोष्ट वेगळी.

त्यांनी संजनाला हाक मारली. तिच्यासमोर वहीचा कागद ठेवला.

"बरय. बाईंनी आम्हाला कणीस दारावर बांधायला सांगितले."

संजना पेन्सिल धरून बसून राहिली. "पूण बाईन सांगूंक ना, आजो."

"हांव सांगतां तें बरय."

"बाई म्हणतात जें पळयलें तेंच बरोवचें."

"बाई व्हड काय आजो व्हड?"

सात वर्षांच्या मुलीला या प्रश्नाला एकच उत्तर असतं. तिने लिहायला घेतलं. जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर कोरून. स्वयंपाकघराच्या दारात प्रभावती उभी होती. तिच्या हाताला नारळाचा चव लागला होता.

"अहो," ती म्हणाली. तिच्या तोंडून हा शब्द इतक्या मोठ्याने क्वचित निघे. "तिच्या हातान फट बरोवंक लावूं नाकात. खोटें तें खोटेंच."

"तूं भितर वच."

"म्हजेकडल्यान तीन वर्सां करून घेतलें तें पुरो. हें भुरगें."

"भितर वच म्हटलें मरे!"

ती आत गेली. गोकुळदासांनी नातीचा कागद अर्जाला टाचणीने जोडला आणि सह्या घ्यायला बाहेर पडले.

सह्यांना वेळ लागला नाही. एकोणीस घरांपैकी सोळा घरांनी केल्या. शिवदास ड्रायव्हरने मान वर न करता केली. बाबुरावांनी अंगठा उठवला, त्यांचा मुलगा दुसऱ्या ट्रकवर होता. सावंतवाडीकडच्या बिऱ्हाडातल्या बाईने तर कशावर करते हेही विचारलं नाही. पण गोकुळदास प्रत्येक दारातून बाहेर पडताना वर बघत, आणि प्रत्येक दारावर ते कणस तसंच. "तें काडात," ते सांगत. "काडटां, काडटां," म्हणत लोक आत जात. शुक्रवारी अर्ज डिचोलीला पोचला. कागद एकदा फायलीत शिरला की त्याला परतीची वाट नसते. दिवाळीआधी सत्यवती बाईंची बदली सत्तरीत झाली ती झालीच. म्हणजे गोकुळदासांनी दिलेला शब्द खरा केला, एवढं त्यांच्या बाजूने म्हणायला हवं.

पण ते पुढचं. त्या रविवारी, नव्याच्या दिवशी, देऊळ गच्च भरलं. गोकुळदासांनी रेशमी सोवळं नेसलं, डोक्यावर इब्रामपूरच्या कणसांची जुडी घेतली, ढोलाच्या मागून वाजतगाजत ते देवळात आले. जुडी भारी होती. यंदा मेव्हण्याने कणसं टपोरी दिली होती. मुलांच्या त्या खुरटलेल्या कणसांपुढे ही कशी भरदार दिसतील, हे वाटेत त्यांच्या मनात येऊन गेलं आणि त्यांना बरंही वाटलं.

भटजींनी पुढ्यातल्या घंगाळातून पळीत पाणी घेतलं. "कुठल्या शेताचं?"

"देवाच्या कुणग्याचें," गोकुळदास खणखणीत आवाजात म्हणाले.

पूजा झाली, आरती झाली. वाटप सुरू झालं. पहिलं कणस नेहमी सगळ्यात वयस्क माणसाला. गोकुळदासांनी ते बाबुरावांपुढे धरलं.

बाबुरावांनी हात जोडले. पुढे केले नाहीत. "आमच्या दारार आसा, गोकुळदासा."

गोकुळदासांना वाटलं म्हातारा भ्रमला. ते शिवदासकडे वळले. शिवदासने जमिनीकडे बघत हात जोडले. "आमच्याकडेय आसा."

मग शिंपी. मग पोस्टमन. सगळ्यांनी हात जोडले, सगळे अदबीने बोलले, कुणी आवाज चढवला नाही. गोकुळदासांना भांडण हवं होतं. भांडणात त्यांचा हात कुणी धरला नसता. पण या हात जोडलेल्या माणसांना पकडायचं कुठे? ज्यांच्या घरी शाळेत जाणारं मूल नव्हतं आणि म्हणून दारावर कणसही नव्हतं, तीही माणसं मागे सरकली. अर्जावर सह्या दिल्या तेव्हा ह्याच लोकांनी आपली पोटं वाचवली होती. आज देवासमोर त्यांना दुसरं काहीतरी वाचवायचं होतं. रागाने गोकुळदासांचे कान तापले. ज्या बाईमुळे हे झालं, तिला दोन शब्द सुनवावे तर ती इथे नव्हतीच. ती तिकडे पणजीत, आपल्या घरी.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने प्रभावती उठली. संजनाचा हात धरून ती पुढे आली आणि तिने दोन्ही हातांनी पदर पसरला.

"माका दियात."

गोकुळदासांच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं राहिलं. पस्तीस वर्षांच्या संसारात बायकोबद्दल इतकी माया त्यांना कधी वाटली नव्हती. एकाने घेतलं की दुसरा घेईल, दुसऱ्याने घेतलं की गाव घेईल. जुडीतलं सगळ्यात भरदार कणस काढून त्यांनी तिच्या पदरात घातलं.

प्रभावतीने ते कपाळाला लावलं. मग बाजारात भाव सांगावा तशा साध्या आवाजात, पण शेवटच्या खांबापर्यंत ऐकू जाईल असं, ती म्हणाली, "हें म्हज्या बापायच्या शेताचें. इब्रामपूरचें. तीन वर्सां पिशवेंत लिपवून हाडलें. देवा, आज उक्तें, सगळ्यांमुखार घेतां."

मागच्या माणसांनी बघायला माना उंच केल्या.

"हांव गप्पच रावपाची आसलीं," ती नवऱ्याकडे बघून म्हणाली. "पूण तुमी ह्या भुरग्याच्या हातान फट बरयली."

तिने कणस संजनाच्या हातात दिलं आणि दोघी खांबाशी जाऊन बसल्या.

भटजींनी घंगाळाकडे बघितलं, मग गोकुळदासांकडे. ते म्हातारे होते, सावकाश हालत. त्यांनी पळी पुन्हा पाण्यात बुडवली, ती भरून हातात धरली, आणि पूजा पहिल्यापासून मांडताना विचारावं तसं विचारलं.

"गोकुळदास, कुठल्या शेताचं?"

या वेळी उत्तर ऐकायला सगळा गाव थांबला होता.